बावन्न टक्क्यांचा लेखनिक

दादांनी मला निवडलं ते माझे मार्क कमी होते म्हणून.

मुरबाडच्या एसटी स्टँडच्या मागे भाताची गिरणी होती आणि गिरणीला टेकून एक पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये दादा खुर्च्या विणत. तहसील कचेरी, शाळा, पंचायत समिती, बँक, सगळीकडच्या फाटक्या खुर्च्या हातगाडीवरून त्यांच्याकडे येत. लहानपणी गोवरात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. मुंबईच्या अंधशाळेत ते विणकाम शिकले, पुढे बाहेरून बी.ए. झाले आणि परत येऊन भावाच्या घरी राहू लागले. मी तेव्हा धसईहून रोज मुरबाडला कॉलेजला येत असे. एकदा परतीची गाडी चुकली म्हणून त्यांच्या शेडच्या सावलीला उभा राहिलो.

“कोण हाय रे?”

“धसईचा आहे. गाडी गेली.”

“बारावी झाली?”

“झाली.”

“मार्क?”

त्या वर्षी हा प्रश्न कोणी विचारला की माझे कान तापायचे. घरी वडिलांनी तर त्या आकड्याचं नावच टाकलं होतं. मी खालच्या आवाजात म्हणालो, “बावन्न.”

दादांचे हात विणता विणता थांबले. त्यांचा चेहरा असा खुलला, की माझ्या बावन्न टक्क्यांनी कोणाला एवढा आनंद होऊ शकेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“शाखा?”

“कॉमर्स.”

“बेस झालं. बस. चहा पिशील?”

चहा पिता पिता कारण कळलं. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला दृष्टिहीन उमेदवाराला लेखनिक नेता येतो. लेखनिकाने प्रश्न वाचायचा, उमेदवार सांगेल त्या उत्तराचा छोटा गोल कागदावर पेन्सिलीने काळा करायचा. पण लेखनिक उमेदवाराने स्वतः शोधून आणायचा आणि तो उमेदवारापेक्षा कमी शिकलेला, दुसऱ्या शाखेचा आणि साठ टक्क्यांच्या खालचा पाहिजे. हुशार माणूस शेजारी बसला तर उत्तरं तोच सांगेल, ही भीती. दादांचा आधीचा लेखनिक एकसष्ट टक्के निघाला म्हणून बाद झाला होता. तेव्हापासून ते स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्याला मार्क विचारत होते.

“मला असा माणूस पायजे,” ते म्हणाले, “ज्याला वाचता येतं पन उत्तर येत नाय.”

आणि खो खो हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मी धसईला घेऊन गेलो आणि पुढे कित्येक दिवस ते माझ्याबरोबर जेवायला बसत होतं.

त्या दिवसापासून मी ‘बावन्न’ झालो. “बावन्न, आलास का रे?” अशी हाक स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. चहावाला, कंडक्टर, गिरणीवरचा माणूस, सगळे मला बावन्न म्हणू लागले. दादांच्या मनात काही वाईट नव्हतं. ज्या आकड्याने त्यांची अडचण सुटली तो त्यांच्या तोंडात गोड लागत होता, एवढंच. हे मला आज कळतं.

दादा पांढरी काठी वापरत नसत. बारा महिने हातात काळी छत्री. उन्हाळ्यातही तीच टेकत चालायचे. विचारलं तर म्हणायचे, “काठी बगितली का लोक हात धरतात. छत्रीवाल्याचा हात कोन धरीत नाय.” एसटीत कंडक्टर ओळखीचा असला तरी सवलतीचा पास काढून दाखवल्याशिवाय ते बसत नसत. कंडक्टर म्हणायचा, “दादा, राहू द्या ना, रोजचेच तुम्ही.” दादा पास पुढे धरूनच उभे. “बघा. नियम आहे. उद्या तुमच्या जागी दुसरा आला तर त्यालाही दाखवीन.”

त्यांच्या बोलण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एरवी आमचं गावाकडचं नाय-हाय. पण नियमाची गोष्ट निघाली की ते एकदम सरकारी कागदासारखं शुद्ध बोलत. आवाज बदले, पाठ ताठ होई. दर रविवारी सरावाला सुरुवात करण्याआधी ते मला जाहिरातीतले नियम मोठ्याने वाचायला लावत. वयाची अट. अपंगांना वयात सूट. तासामागे वीस मिनिटं जादा. लेखनिकाचं शिक्षण. आणि शेवटी ते कलम, जे मी आजही झोपेतून उठवलं तर म्हणून दाखवीन: लेखनिकाने उमेदवार सांगेल तेच लिहावे; स्वतःहून उत्तर लिहिल्याचे आढळल्यास उमेदवारी रद्द होईल आणि लेखनिकासही पुढील परीक्षांना बसता येणार नाही. मी वाचत असताना दादांचे ओठ हलत. एकदा कंटाळून मी म्हणालो, “दादा, पाठ झालं की हे सगळं. कशाला रोज?”

“माझ्याकडं दुसरं काय हाय?” ते म्हणाले. “डोळेवाल्याला वशिला लावता येतो. मला नियमच लावता येतो.”

खुर्ची विणून झाली की ते तिच्यावर तळवा फिरवून वेताची कुसळं झाडत आणि मग स्वतः तिच्यात बसत. नुसतं बसत नसत. दोन्ही हात पुढे करून, काउंटरवर ठेवल्यासारखे, म्हणत, “बोला, काय काम आहे?” हे शुद्ध मराठीत. मग उठून खुर्ची बाजूला ठेवत. मुरबाडच्या बँकेतल्या सगळ्या खुर्च्यांवर दादा असे एकेकदा बसलेले होते.

गोलात बसलेल्या माणसांची गणितं त्यांना फार आवडत. डॉक्टर वकिलाच्या डावीकडे, शिक्षक डॉक्टरच्या समोर, तर दुकानदाराच्या उजवीकडे कोण, असली. बाकीचे लोक कागदावर गोल काढून ती सोडवतात. दादा शेडमधल्या खुर्च्या गोलात मांडत आणि गाडीची वाट बघणाऱ्या लोकांना बोलावून त्यांत बसवत. एकदा टोकावड्याची एक भाजीवाली पाटी खाली ठेवून टेकली होती.

“मावशी, या. तुमी वकील.”

“मला नको रे बाबा वकील करू. आमच्या जमिनीची केस पडलीय कोर्टात.”

“बरं, डॉक्टर व्हा.”

“डॉक्टर चालंल. सुई मारायला देशील का?”

ती बसली. तिच्या शेजारी चहावाला वकील, पलीकडे मी दुकानदार. दादा खुर्च्यांच्या पाठींवर हात ठेवत गोलाच्या बाहेरून फिरत. प्रत्येकाच्या मागे थांबून, त्याच्या डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला हात लावून बघत. “मानसाचं डावं-उजवं मानसाला विचारायचं,” ते म्हणत, “कागदाला नाय.”

एकदा त्यांनी सगळ्या खुर्च्या उलट फिरवल्या. गोल तोच, पण माणसांची तोंडं बाहेर, म्हणजे डावं-उजवं सगळं उलटं.

मी म्हणालो, “असं कोण बसतं? भांडण झालेले लोक?”

“बँकवाले बसवतील एक दिवस. बघ तू.”

तोवर मी पाहिलेल्या कुठल्याही पेपरात माणसं आत तोंड करूनच बसत. मी हसून सोडून दिलं.

पुढे त्या शेडमधलं विणकाम आपोआप संपलं. कचेऱ्यांत प्लॅस्टिकच्या अखंड खुर्च्या आल्या. त्या फाटत नाहीत, मोडतात, आणि मोडल्या की टाकून देतात. दादा नंतर काही वर्षं नुसतेच शेडच्या दारात छत्री घेऊन बसत. मी तेव्हा बँकेच्या शहापूरच्या शाखेत होतो. शहापूर काही लांब नाही, पण लांब असल्यासारखा वागलो. ते गेल्याचं कळलं तेव्हाही त्याच दिवशी निघालो नाही, दहाव्याला गेलो. त्यांच्या वहिनीने चहा दिला आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, “भावजी सगळ्यांना सांगायचे, माझा लेखनिक बँकेत हाय. तुमचं लय कौतुक त्यांना.” मी कपातला चहा पूर्ण प्यायलो. जे सांगायला हवं होतं ते तेव्हाही न सांगताच उठलो.

आता ते सांगतो.

परीक्षा ठाण्यातल्या एका शाळेत होती. वयाची सूट धरूनही दादांची ती शेवटची वेळ होती. पुढच्या जाहिरातीत ते बसणार नव्हते. पहिल्या गाडीने निघायचं म्हणून मी आदल्या दिवशी त्यांच्याकडेच राहिलो होतो. निघताना वहिनीने भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि दादा पुढे गेल्यावर मला म्हणाली, “पोरा, नीट लिव रे. हे गेलं तर मग नाय. जल्मभर भावाच्या ताटात जेवायचं त्यांच्या जिवावर येतं. बोलत नायत, पन मला कळतं ना.”

आम्हाला वेगळी खोली दिली होती. मी प्रश्न हळू आवाजात हिंदीतून वाचत होतो, दादा आकडा सांगत होते, मी काळं करत होतो. वर्षभराच्या सरावाने आमची गाडी अशी चालत होती की मध्ये एक शब्द जास्तीचा लागत नव्हता. पेपर चांगला चालला होता. मध्ये गोलाचं गणित आलं. त्यावर पाच प्रश्न. मी दोनदा वाचलं, दादांनी डोकं थोडं वाकवलं, बोटं मांडीवर हलवली, खुर्च्यांच्या पाठींवर हलत तशी, आणि पाचही उत्तरं धडाधड सांगितली. मी काळी केली. पण कच्च्या कामाच्या जागेवर मी माझ्यासाठी एक गोल काढून ठेवला होता. लेखनिकाला तसं काढायचं काही कारण नव्हतं.

वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा आमचा बराच पेपर बाकी होता. पर्यवेक्षक तरुण होते. कागद गोळा करायला आमच्या बाकाशी आले.

दादा उठून उभे राहिले. “माफ करा. दृष्टिहीन उमेदवाराला तासामागे वीस मिनिटं जादा आहेत.”

“मला तसं काही सांगितलेलं नाही.”

“सांगितलं नसेल. पण नियम आहे. आपल्याकडच्या सूचना पाहाव्यात.”

“अहो, सगळ्यांना एकच वेळ असते.”

“सगळ्यांना दिसतं का?” दादा म्हणाले. मग लगेच सावरून, शांतपणे, “केंद्रप्रमुखांना बोलवा. मी इथेच उभा आहे. पेपर मात्र मी देणार नाही.”

ते छत्री टेकत दारापर्यंत गेले. तिथे केंद्रप्रमुख आले, कागद उलटसुलट झाले, दादा कलमामागून कलम म्हणत राहिले. आवाज चढला नाही. हात मात्र छत्रीच्या मुठीवर घट्ट आवळलेले मला दिसत होते. माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

मी माझा गोल बघितला. माझ्या गोलात दादांची उत्तरं जुळत नव्हती. त्यांचं डावं माझं उजवं येत होतं. पाचही ठिकाणी. मला वाटलं, आंधळा माणूस, डोक्यात सगळं उलटं धरून बसला. मी रबर घेतलं.

दादांना मदत करावी म्हणून मी ते केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला त्यांना दाखवायचं होतं की मला उत्तर येतं. निकाल लागल्यावर स्टँडवर, सगळ्यांच्या देखत म्हणायचं होतं, “दादा, त्यातले पाच माझे.” मी पाचही उत्तरं खोडून माझी काळी केली. ते दारात आपल्या हक्काच्या मिनिटांसाठी भांडत होते, आणि मी त्यांच्या बाकावर बसून हे करत होतो.

“मिळाला टाइम,” परत येऊन बसताना ते कानाशी म्हणाले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. “चल, पुढचा वाच.”

पेपर संपला. उठण्याआधी सवयीने त्यांनी बाकावर तळवा फिरवला, खुर्चीवरची कुसळं झाडत तसा. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं.

“खोडलंस का काय?”

“एक गोल जरा बाहेर गेला होता.”

“बरं.”

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वहिनीची भाकरी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली. मुरबाड जवळ आलं तसे ते म्हणाले, “गोलाच्या गणितात फसवायला टाकलं होतं, बघितलंस ना? ‘बाहर की ओर मुख करके’. मी बोललो नव्हतो तुला? निम्मी पोरं तिथंच मेली असतील. पन आपून नाय फसलो.”

मीच वाचलं होतं ते. दोनदा. तोंडाने वाचलं आणि हाताने नेहमीसारखी माणसं आत तोंड करून बसवली.

“काय रे बावन्न? गप का?”

मी म्हणालो, “झोप येतेय.”

दादांनी माझ्याकडे चेहरा वळवला. काही क्षण तसाच ठेवला. मग तो परत खिडकीकडे नेला. स्टँड येईपर्यंत ते पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. ते थकले असतील अशी मी स्वतःची समजूत घातली.

निकालाचे नंबर छापून आले ते वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच होतं. मी वाचत गेलो आणि त्यांच्या नंबराच्या जागेवरून पुढे गेलो.

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“वर-खाली बघ. कधी कधी चुकून खाली छापतात.”

मी सगळं पान बघितलं. “नाही, दादा.”

त्यांनी बादलीतून वेताची पट्टी उचलली, बोटांनी टोक चाचपलं आणि अर्धवट राहिलेल्या खुर्चीत ओवली. “माझंच कायतरी चुकलं असंल,” ते म्हणाले.

तेवढ्यात चहावाला ग्लास घेऊन आला होता. त्याने नेहमीसारखी थट्टा केली, “बावन्नला घेऊन गेलात दादा, मग अजून काय होणार?”

दादा ताडकन उभे राहिले. पायातली खुर्ची आडवी पडली. “त्याच्याविषयी बोलायचं नाही,” ते म्हणाले. शुद्ध, कागदी मराठीत. “लेखनिकाने मी सांगितलं तेच लिहिलं आहे.”

चहावाला ग्लास ठेवून निघून गेला. मी खुर्ची उचलून सरळ केली. त्या दिवसानंतर दादांनी मला बावन्न म्हटलं नाही. नावाने हाक मारू लागले. इतरांनाही त्यांनी काही सांगितलं असावं, कारण हळूहळू स्टँडवरच्या सगळ्यांनीच तो आकडा सोडला. ज्या नावाचा मला इतका राग होता ते नाव गेल्यावर मला उघडं पडल्यासारखं वाटलं.

पाच उत्तरांनी ते खरंच राहिले का, मला माहीत नाही. तेव्हा मार्क कळत नसत, नुसते नंबर यायचे. कदाचित ते तसेही राहिले असते. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं माहीत आहे की एका मार्कावरही पुष्कळ माणसं बाहेर उभी असतात. हे कधीच कळणार नाही आणि कोणाला विचारताही येणार नाही. मी कबूल केलं असतं तर त्यांचा निकाल बदलला नसता, हेही मी स्वतःला अनेकदा ऐकवलं आहे. पण निदान त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलेली चूक खाली ठेवता आली असती.

माझं बी.कॉम. झाल्यावर बँकेची जाहिरात आली तेव्हा फॉर्म भरायला दादांनीच मागे लागून लावलं. “दुसऱ्याचे पेपर लिहून लिहून तू तयार झालायस. आता सोताचा लिही.” मी टाळत होतो, ते सोडत नव्हते. जवळजवळ वर्षभर आमचे रविवार पुन्हा चालू झाले, फक्त उलटे. ते तोंडी प्रश्न घालत आणि मी उत्तरं देत असे. खुर्च्या पुन्हा गोलात मांडल्या. नियम मात्र त्यांनी मला पुन्हा कधी वाचायला लावले नाहीत. एका रविवारी मी सवयीने जाहिरात उघडून सुरुवात केली. लेखनिकाच्या कलमापाशी पोचायच्या आधीच त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “ते राहू दे. तुला लागत नाय ते.”

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी पाया पडायला गेलो. दादा एक खुर्ची संपवत होते. मनात ठरवून गेलो होतो की आज सांगायचंच. शब्दही जुळवले होते. ते विणत राहिले, मी उभा राहिलो. गिरणी बंद झाली होती, त्यामुळे शेडमध्ये पट्टी ओढल्याचा आवाज तेवढा येत होता.

“दादा,” मी म्हणालो.

“पेन्सिली दोन घे. रबर नवं घे.”

“दादा, मला एक—”

“जा आता. गाडी चुकंल.” त्यांनी खुर्चीवरून तळवा फिरवला, कुसळं झाडली आणि मग मला जवळ बोलावून माझा हात शोधून धरला. त्यांना हात धरलेला आवडत नसे, आणि त्यांनीही कधी कोणाचा धरलेला मी पाहिला नव्हता.

“उद्या तुझ्या मनाला येईल तिथं काळं कर,” ते म्हणाले. “उद्याचा पेपर तुझा हाय. फक्त मानसांची तोंडं कुठं हायत, ते आधी बघ.”

मी हो म्हणालो, आणि गाडी पकडली. दुसऱ्या दिवशीचा पेपर मला चांगला गेला.